तक्रारीवरची तिसरी सही माझी आहे, ती मी परत मागतोय

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, सगळे संचालक, प्राचार्य साहेब आणि जिमखाना विभाग यांना,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं नाव मी मुद्दामच लिहीत नाहीय. कोल्हापुरात ज्यांना कळायचं त्यांना दोन ओळीत कळेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजचं नाव घालून वाचलं तरी फारसं काय बिघडणार नाही. सरांचंही नाव लिहीत नाही कारण त्यांनी मला हे लिहायला सांगितलेलं नाही, उलट कळलं तर 'कशाला वाढवताय' म्हणतील.

विषय असा की जुलैमधे आलेल्या फुटबॉलच्या नव्या कोचना तुम्ही डिसेंबरमधे सांगितलं की पुढच्या टर्मपासून यायची गरज नाही. कारणं दोन. एक, टीमचा निकाल समाधानकारक नाही. दोन, पालकांची लेखी तक्रार आहे.

त्या लेखी तक्रारीवर अकरा सह्या आहेत आणि तिसरी सही माझी आहे.

त्या सहीची गोष्ट आधी सांगतो, माझी त्यात काय शोभा नाही पण सांगतो. माझा पोरगा एस.वाय.ला आहे, लेफ्ट बॅक खेळतो, आमच्या पेठेतल्या तालमीच्या टीमच्या आसपास असतो म्हणजे अजून घेतलेलं नाही पण घेतील अशा आशेवर, आणि मी त्याला लहानपणापासून डोक्यावर बसवलाय असं त्याची आई रोज सांगते. नव्या सरांनी आल्या आल्या नियम केला, आठवड्यात सहा प्रॅक्टिस, त्यातल्या चार झाल्या नाहीत तर मॅचला बेंच, मग तो कुणीही असो. आता आमचा गडी रात्री टर्फवर फाईव्ह-अ-साईडच्या टुर्नामेंट खेळणार, रोख बक्षीस असतं, दीड वाजता घरी येणार, आईला न उठवता फ्रीज उघडणार, तो सकाळी साडेसहाला मैदानावर कसा पोचणार. नाहीच पोचला. विद्यापीठाच्या झोनल, म्हणजे विभागवार आंतरकॉलेज स्पर्धेच्या पहिल्या दोन मॅच सरांनी त्याला बसवला आणि त्याच्या जागी हॉस्टेलवरचा एक पोरगा खेळवला, गगनबावड्याकडचा, ज्याला मी तोवर कधी बघितलेलं पण नव्हतं. मी दुकान बंद करून मॅच बघायला गेलो होतो. पोरगा बेंचवर बसून बाटल्या भरतोय. डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी चहाच्या गाड्यावर असेच सात-आठ चिडलेले बाप भेटले, कुणीतरी कागद आणला, 'कोच पक्षपाती आहेत, स्थानिक खेळाडूंना डावलतात, जुन्या खेळाडूंचा अपमान करतात' असं काय काय लिहिलं आणि मी सही ठोकली. चार महिन्यांनी त्याच कागदानं एका माणसाची नोकरी गेली, म्हणजे त्याला नोकरी म्हणायचं असेल तर.

मी स्वतः तुमच्याच कॉलेजचा कीपर होतो, १९९२ ते ९५. तेव्हाचं एक सांगतो म्हणजे मी एवढा का तळमळतोय ते कळेल. आम्हाला कोच नव्हता. जिमखान्यातले एक मामा बॉल, पंप आणि शिट्टी घेऊन यायचे, शिट्टी वाजवायचे, आम्ही दोन टीम करून खेळायचो, सात वाजले की मामा बॉल घेऊन जायचे. झाली प्रॅक्टिस. आता बघा, आपल्याच खेळाडूनं पायानं दिलेला बॅकपास कीपरनं हातात घ्यायचा नाही हा नियम १९९२ ला आला. जगभर आला. आमच्यापर्यंत नाही आला, कारण आणणार कोण? ९४ च्या पावसाळ्यात एका इंटरकॉलेज मॅचला आमच्या स्टॉपरनं मला बॅकपास दिला, मी नेहमीसारखा छातीशी धरला, आणि रेफरीनं शिट्टी मारून आमच्या बॉक्समधे इनडायरेक्ट फ्री किक दिली. मी भांडलो. आख्खी टीम भांडली. आम्हाला खरंच वाटत होतं की रेफरी समोरच्यांचा माणूस आहे. एक गोल, त्याच गोलनं हरलो, आणि घरी येताना सायकलवर मी रेफरीला शिव्या देत होतो. नियम बदललाय हे मला पुढच्या वर्षी कळलं, तेही समोरच्या टीमच्या कीपरकडून, हसत हसत.

तीस वर्षं झाली त्याला. अजून कट्ट्यावर कुणी विषय काढला की कान गरम होतात.

यंदा ऑगस्टमधे मी एकदा पोराला सोडायला म्हणून पहाटे मैदानावर गेलो तर सरांनी सगळ्यांना पाऊस टाळायला पॅव्हेलियनच्या पत्र्याखाली बसवलेलं आणि फळ्यावर गोल किकचा नियम समजावत होते. २०१९ पासून गोल किकचा बॉल बॉक्सच्या बाहेर जायलाच पाहिजे असं राहिलेलं नाही, आपला खेळाडू बॉक्समधेच घेऊ शकतो, मग आपण त्याचा फायदा कसा घ्यायचा, समोरची टीम प्रेस करत अंगावर आली तर काय, नाही आली तर काय. वीस-बावीस पोरं चिखलाच्या पायानं बसून ऐकतायत. मला बरं वाटायला पाहिजे होतं ना? मला वाटलं नुसता फळा फळा काय चाललाय, पोरांना पळवा की. एवढा मी शहाणा.

वॉर्मअपचं पण तेच. सर रोज वीस मिनिटं फिफा इलेव्हन प्लस घ्यायचे. हलकं पळणं, मग ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, मग परत पळणं, असे पंधरा प्रकार असतात, गुडघा आणि हॅमस्ट्रिंग सांभाळण्यासाठीच बनवलेला प्रोग्रॅम आहे तो. गुडघ्यावर बसायचं, मागनं एकानं घोटे धरायचे आणि हळूहळू पुढं पडायचं. मैदानाच्या कडेला आम्ही बाप लोक बघून हसायचो, नाच चाललाय म्हणायचो. मागच्या सीझनला या टीमची चार पोरं गुडघा नाहीतर मांडी धरून घरी बसली होती, त्यातल्या एकाचं लिगामेंटचं ऑपरेशन झालं, त्याच्या बापानं त्यासाठी म्हैस विकली. यंदा अख्ख्या सीझनमधे एकच पोरगा बाहेर गेला आणि तो वॉर्मअपमुळे किंवा खेळामुळे गेलेला नाही, तो कशामुळे गेला ते पुढं सांगतोच, तो मुद्दा तुमच्याच नावावर आहे.

आता तुमच्या कारणांकडे येतो.

पहिलं, निकाल. साहेब, मागच्या चार वर्षांत ही टीम तीनदा पहिल्याच मॅचला हरून घरी आली. चौथ्या वर्षी हरली सुद्धा नाही, कारण गेलीच नाही, एलिजिबिलिटी फॉर्म वेळेत भरले नव्हते. तेव्हा संचालक मंडळाच्या मीटिंगमधे निकाल समाधानकारक होता का? कारण तेव्हा कुणाला काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. यंदा झोनलची पहिली मॅच शून्य-शून्य, टायब्रेकरवर काढली. दुसरी एक-शून्य. सेमीफायनल दोन-एक, आधी गोल खाऊन. फायनल हरलो, दोन-शून्य, समोरची टीम सरळ सरळ चांगली होती. फायनलला गेलो म्हणून इंटरझोनलला गेलो, तिथं एक मॅच जिंकली, सेमीफायनल एक-एक आणि टायब्रेकरवर हरलो. शिवाजी विद्यापीठाला कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे आहेत, त्या तिन्हीतल्या शेवटच्या चारमधे तुमचं कॉलेज होतं. आणि वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाच्या कॅम्पला एक पोरगा निवडला गेला. तो कोण? तोच, गगनबावड्याकडचा, ज्याच्यावर मी पायऱ्यांवरून 'याला कुणी घेतला रे' असं ओरडलो होतो. त्यानं ऐकलं होतं. नंतर भेटला तेव्हा काका म्हणून पाया पडला, मला कुठं बघू झालं.

कुणीतरी मीटिंगमधे म्हणाले म्हणे की 'आपल्या कोल्हापुरात फुटबॉल रक्तात आहे, इथं कप यायलाच पाहिजे'. हे रक्ताचं मला पण लई आवडतं. पीटीएम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या इथल्या टीमची नावं ऐकत आम्ही मोठे झालो, शाहू स्टेडियमवर काटाकिर्र मॅच असली की माझ्या दुकानाचं शटर आजही दुपारी खाली येतं. स्वातंत्र्याच्या आधीपासून इथं पेठापेठांत बॉल आहे, तालमीत कुस्तीच्या जोडीला फुटबॉल आला असं गाव दुसरीकडे शोधून सापडायचं नाही. वर्ल्डकप आला की गल्लीत अर्जेंटिना-ब्राझीलवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. सगळं खरं. पण ही ईर्षा पोराला बॉल मागायला शिकवते, बॉल सोडून जागा कशी घ्यायची ते नाही शिकवत. २०१७ ला भारतात अंडर-१७ वर्ल्डकप झाला त्यात आपला अनिकेत जाधव खेळला, रिक्षावाल्याचा पोरगा, अख्ख्या शहरानं डिजिटल फलक लावले. पण तो घडला पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत जाऊन. रग इथली होती, शिकवणारं तिकडं होतं. इथं शिकवणारा एक माणूस स्वतःहून आला होता, एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं सी लायसन्स घेतलेला, एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स केलेला, आणि आपण त्याला पहिल्या दिवशी काय विचारलं? 'सर तुम्ही कुठल्या पेठेचे?' ते जिल्ह्याबाहेरचे निघाले. मग निम्म्या लोकांना ते चालेनात आणि निम्म्यांना वाटलं बरं झालं, निदान समोरच्या पेठेचे तरी नाहीत.

दुसरं, पक्षपात. यावर मी जास्त बोलायचा हक्क घालवलाय, तरी बोलतो. टीमचा मुख्य स्ट्रायकर, ज्याच्या वाढदिवसाचा डिजिटल चौकात लागतो, तो पण याच नियमात बसला. चार प्रॅक्टिस नाहीत, बेंच. त्याच्या घरून फोन गेले, तुमच्यातल्या एका संचालकांनी पण फोन केला असं मी ऐकून आहे, सर म्हणाले चार प्रॅक्टिस होऊ देत, शनिवारी खेळवतो. झाल्या, खेळवला, त्यानं सेमीफायनलला गोल मारला. इंटरझोनलच्या आठवड्यात परत दांड्या मारल्या, परत बेंच. आता हे मी इथं लिहूनच ठेवतो की त्या इंटरझोनल सेमीफायनलला त्याला निदान शेवटची वीस मिनिटं तरी उतरवायला पाहिजे होतं असं माझं अजूनही मत आहे. सर हट्टी आहेत. पालकांशी बोलत नाहीत, दोन वाक्यांच्या वर तिसरं नाही. गोल किक शॉर्टच घ्यायची म्हणजे घ्यायचीच, झोनलच्या सेमीफायनलला माझ्याच पोरानं तसा शॉर्ट बॉल घेतला, अडकला, गोल खाल्ला, मी पायऱ्यांवरून 'उडव की रे' म्हणून घसा फोडत होतो. पण हाफ टाईमला सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक त्याची नाही, मी सांगितलं होतं म्हणून त्यानं केलं, पुढची पण तशीच घ्या. पोरगा घरी येऊन हे आईला सांगत होता. मला नाही सांगितलं.

आणि हॉस्टेलच्या पोरांना 'लाडावलं' म्हणता ते कसं, तर पन्हाळ्याकडनं येणाऱ्या दोघांची पहिली एसटी सहाला पोचत नाही म्हणून प्रॅक्टिस सहाची साडेसहा केली. एवढाच लाड.

आता तुमच्याकडचा हिशोब. हा मी सह्या करायच्या आधी विचारायला पाहिजे होता.

सप्टेंबरमधे, इंटरझोनलला पंधरा दिवस राहिले असताना, तुम्ही मैदान एका प्रदर्शनाला भाड्यानं दिलंत. दहा दिवस. भाडं किती आलं ते मला माहीत नाही, मैदान संस्थेचं आहे, द्या भाड्यानं, पण सीझन चालू असताना? टीम दहा दिवस कुठं होती माहितेय, कॉलेजच्या मागच्या पार्किंगमधे पेव्हर ब्लॉकवर. स्टड घालून पेव्हरवर पळता येत नाही म्हणून साध्या बुटावर पासिंग करत होती. प्रदर्शन उठलं, मांडववाले गेले, खांबांचे खड्डे तसेच, आणि मातीत खिळे. छोटे नाहीत, बोटाएवढे. अकराव्या दिवशी पहिल्याच प्रॅक्टिसला आपला राईट विंग खांबाच्या खड्ड्यात पाय जाऊन पडला, घोटा गेला, सीझन संपला. वर म्हटलेला एकच पोरगा तो. बर्फ कुठनं आणला, तर कोपऱ्यावरच्या रसवंतीतून, प्लास्टिकच्या पिशवीत. फर्स्ट एडची पेटी जिमखान्याच्या कपाटात आहे आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे असते ते साडेदहाला येतात. त्यानंतर रोज वॉर्मअपच्या आधी पोरं एका ओळीत उभी राहून मैदानभर खिळे वेचायची. मी पण दोन दिवस गेलो वेचायला.

मानधन. सर तासिका तत्त्वावर होते हे मला तक्रारीनंतर कळलं. सकाळच्या दोन तासातला एकच तास धरायचा, मॅचच्या दिवशीचा प्रवास धरायचा नाही, आणि सहा महिन्यातल्या तीनच महिन्यांचे पैसे मिळालेत. बाकीची बिलं 'सहीला आहेत'. हे त्यांनी नाही सांगितलं, ऑफिसमधल्याच एका माणसानं सांगितलं, त्याला पण बरं वाटत नव्हतं.

किट. प्रवेशाच्या पावतीत जिमखाना फी असते, माझ्या पोराची पावती मी काढून बघितली, आहे. ती फी अख्खं कॉलेज भरतं. टीमचे शर्ट आले झोनल संपल्यावर, छातीवर कॉलेजचं नाव बारीक आणि पाठीवर शुभेच्छुकांची नावं मोठी, नंबरला जागाच उरली नाही. रेफरीनं नंबर नाही म्हणून हरकत घेतली, मग पोरांनी पांढऱ्या चिकटपट्टीनं नंबर केले, पहिल्या पावसाच्या सरीत सगळे अकराच्या अकरा परत बिननंबरी. हसू येतं आता, तेव्हा नव्हतं आलं.

टीए-डीए. इंटरझोनलला दुसऱ्या जिल्ह्यात जायला एसटीची तिकिटं पोरांनी स्वतः काढली, सकाळी वडापाव, मॅचनंतर वडापाव, आणि बिलं जोडा मग देऊ असं उत्तर. वडापावच्या गाड्यावर बिल देतात का हो?

हजेरी. ज्या दिवशी मॅच, त्याच दिवशी प्रॅक्टिकल, आणि मॅचला गेलेला गैरहजर. विद्यापीठात कॉलेजचं नाव घेऊन खेळायला जातो तो पोरगा कॉलेजच्याच रजिस्टरमधे गैरहजर. सरांनी यावर तीन अर्ज दिले होते, मी प्रती बघितल्यात, तिन्हीवर 'पाहिले' एवढाच शेरा आहे.

आणि मुली. हे कुणी बोलतच नाही म्हणून मी बोलतो. संध्याकाळी साडेपाचला सरांनी मुलींची प्रॅक्टिस सुरू केली होती, ऑगस्टमधे चारजणी होत्या, नोव्हेंबरात चौदा झाल्या. त्यांना कपडे बदलायला खोली नाही, लायब्ररीच्या जिन्याखाली एक दारात उभी राहते आणि बाकीच्या आत. पुढच्या वर्षी त्यांची टीम उतरवायची असं ठरलेलं. आता सर नाहीत तर ती प्रॅक्टिस पण बंद आहे, त्याचं कुणाला सुतक नाही, तक्रारीत पण त्यांचा उल्लेख नव्हता कारण तक्रार आम्ही बापांनी लिहिली होती आणि ती आमच्या पोरांबद्दल होती.

शेवटचा मुद्दा काढायच्या पद्धतीचा. पत्र नाही, मीटिंग नाही, खेळाडूंना विचारलं नाही, आम्हा सही करणाऱ्यांना पण बोलवून 'काय झालं होतं, आता काय म्हणणं आहे' असं एका शब्दानं विचारलं नाही. मोबाईलवर निरोप. माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मैदानावर आला, कारण निरोप बघितलाच नव्हता, आणि तो पोरांनी त्याला सांगितला. माझा पोरगा तिथं होता. सर म्हणाले ठीक आहे, वॉर्मअप तर करून घेऊ, आणि वीस मिनिटं पूर्ण घेतली.

त्या दिवशी आमच्या घरात जेवताना पोरगा मला म्हणाला, 'पप्पा, तुम्ही सही का केलीत? मी तुम्हाला सांगितलं होतं का?' नव्हतं सांगितलं. त्याला बेंचवर बसल्याचा राग आला होता हे खरं, पण तिसऱ्या मॅचपासून तो टर्फ सोडून साडेनवाला झोपत होता आणि मला वाटत होतं त्याला बरं नाही.

तर आता मागण्या. भाषण नको, सरळ लिहितो.

तक्रारीवरची माझी सही मी मागे घेतोय, तसा लेखी अर्ज स्वतंत्र देतोय, त्याची पोच द्यावी. बाकीच्या दहापैकी सहाजण माझ्याबरोबर येणार आहेत. दोघांचं मत बदललेलं नाही, तो त्यांचा हक्क आहे. दोघं बघू म्हणालेत.

सरांना निदान तीन वर्षांचा लेखी करार द्यावा. एका सीझनमधे टीम घडत नाही, पहिलं वर्ष तर पोरांची झोप सुधारण्यातच जातं. तीन वर्षांनी निकालावर बोला, मी पण बोलीन, मला सबस्टिट्यूशनवर बरंच बोलायचंय. आणि सरांनीच आता नको म्हटलं, त्यांना दुसरीकडे बोलावणं असेल तर त्यांना अडवू नका, पण मग जो कोणी घ्याल तो लायसन्स असलेला घ्या, कुणाचा पाहुणा आहे ते बघून घेऊ नका.

थकलेलं तीन महिन्यांचं मानधन आणि पोरांचा प्रवासखर्च या महिन्यात द्यावा. वडापावचं बिल मिळणार नाही, ते आमच्या शब्दावर धरा.

जून ते इंटरझोनल संपेपर्यंत मैदान कुणालाही भाड्यानं देऊ नये, आणि दिलंच तर खड्डे बुजवून, लोहचुंबक फिरवून परत घ्यावं. घोटा गेलेल्या पोराच्या उपचाराचा खर्च संस्थेनं द्यावा, त्याच्या घरच्यांनी मागितलेला नाही, मी मागतोय.

जिमखाना फी किती जमा झाली आणि कशावर गेली ते नोटीस बोर्डवर लावावं. एक कागद, त्याला काय लागतं?

मॅचला गेलेल्यांची हजेरी धरावी आणि प्रॅक्टिकल परत घ्यावं. फर्स्ट एडच्या पेटीची एक चावी कोचकडे द्यावी. मुलींना एक खोली, कडी असलेली.

आणि पुढच्या वेळी आमच्यासारखे बाप कागद घेऊन आले तर आधी दोन दिवस थांबा, मग आम्हाला एकेकट्याला बोलवून विचारा. निम्मे तिथंच गळतील. मी गळलो असतो.

यात कुणाचा अपमान करायचा हेतू नाही. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी आपल्या खिशातून हॉस्टेलच्या पोरांची फी भरलीय हे मला माहीत आहे, आणि प्राचार्य साहेब, तुम्ही झोनलची फायनल पावसात उभं राहून पूर्ण बघितली, हे पोरांनी पण बघितलंय. म्हणूनच बंद पाकिटात न देता उघडं लिहिलं.

सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही सातजण ऑफिसला येतोय. घोषणा नाहीत, मोर्चा नाही, पोरांना बरोबर आणणार नाही, त्यांना तास आहेत. अध्यक्ष साहेब नसतील तर सचिवांना भेटू, तेही नसतील तर बाकड्यावर बसू, मी दुकान बंद ठेवूनच येतोय.

आपला,
कॉलेजचा एक जुना कीपर आणि एका लेफ्ट बॅकचा बाप

ता.क. मैदानातून वेचलेले खिळे पोरांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलेत. डबा भरलाय. सोमवारी येताना घेऊन येतो, मांडववाल्यांना परत द्यायचे असतील तर.